घरात दोन हृदयविकार : एक रक्तवाहिनीचा, एक झडपेचा

वाचकाचे पत्र : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. दोन मजले चढले की त्यांच्या छातीवर दडपण येते आणि थांबले की पाचेक मिनिटांत उतरते. ईसीजी नॉर्मल आला म्हणून आम्ही चार महिने निर्धास्त राहिलो. नंतर स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि अँजिओग्राफीत उजव्या रक्तवाहिनीत ८० टक्के ब्लॉकेज निघाले. एक डॉक्टर स्टेंट घालायला सांगतात, दुसरे म्हणतात की आधी तीन महिने गोळ्यांवर पाहू. आई ५६ वर्षांची आहे. तिला वर्षभर धाप लागते, संध्याकाळी पावलांवर सूज येते. तिच्या इकोमध्ये ‘मायट्रल स्टेनोसिस’ आणि ईसीजीत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिले आहे, मात्र पंपिंग ६० टक्के, नॉर्मल, असेही म्हटले आहे. रक्त पातळ करण्याची गोळी आणि दर महिन्याला रक्ततपासणी सांगितली आहे. शेजारच्या काकांना याच ठोक्यांच्या त्रासासाठी तपासणी न लागणारी नवी गोळी मिळाली, ती आईला का नाही? दोघांनाही हृदयविकारच आहे, तर दोघांचे पथ्य एकच ठेवले तर चालेल का? आणि वडिलांसाठी गोळ्यांवर थांबणे म्हणजे झटक्याची वाट पाहत बसणे नाही का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील पथ्याचा प्रश्न तुम्ही कदाचित सहज विचारला असेल, पण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशीच सुरू होतात, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. ‘हृदयविकार’ हे एका आजाराचे नाव नाही. हृदय हा मुठीएवढा स्नायू आहे. विश्रांतीतही तो मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतो आणि दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतो. या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. रक्त उलट फिरू नये म्हणून आत चार झडपा आहेत, आणि ठोक्यांचा ठेका राखण्यासाठी विद्युतसंदेशांची एक वाट आहे. वडिलांचा बिघाड पहिल्या जागी, म्हणजे रक्तवाहिनीत आहे. आईचा बिघाड झडपेत आहे आणि त्यातून पुढे ठेक्यात आला आहे. दोघांच्या फायलींवर एकाच विभागाचा शिक्का असला तरी त्यांचे आजार, त्यांचे धोके आणि त्यांच्या गोळ्या एकमेकांपासून फार दूर आहेत. हे घरातल्या प्रत्येकाच्या नीट लक्षात आले तर तुमची निम्मी घालमेल कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

आधी वडिलांविषयी. चालताना किंवा जिना चढताना हृदयाचे काम वाढते आणि त्या स्नायूला जास्त रक्त लागते. वाहिनी आतून अरुंद झालेली असेल तर विश्रांतीत पुरणारे रक्त त्या वेळी पुरत नाही, आणि स्नायूची ती उपासमार छातीवरच्या दडपणाच्या रूपाने जाणवते. यालाच अंजायना म्हणतात. असे रुग्ण समोर बसून त्रास सांगतात तेव्हा एका बोटाने जागा दाखवत नाहीत. पंजा पसरून किंवा मूठ आवळून छातीच्या मध्यावर ठेवतात आणि ‘दुखत नाही, भरून येतं’ असे म्हणतात. हे दडपण कधी जबड्याकडे, कधी डाव्या हाताकडे, कधी दोन्ही खांद्यांकडे जाते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ते पुष्कळदा दडपण म्हणून येतच नाही. नुसती धाप, मळमळ किंवा अनाकलनीय थकवा एवढेच दिसते, आणि म्हणून त्यांचे निदान उशिरा होते.

ईसीजी नॉर्मल असूनही ब्लॉकेज कसे निघाले, याचे तुम्हाला आश्चर्य वाटले असणार. ईसीजी त्या काही सेकंदांतील विद्युतलहरींचा आलेख असतो. वडील पलंगावर शांत पडलेले असताना त्यांच्या हृदयाला रक्त पुरतच होते, त्यामुळे कागदावर काही उमटले नाही. अंजायना असलेल्या अनेक रुग्णांचा विश्रांतीतील ईसीजी असाच स्वच्छ असतो. मी स्वतः या बाबतीत चुकलो आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांचा ईसीजी स्वच्छ पाहून मी त्यांना आम्लपित्ताची गोळी देऊन घरी पाठवले होते आणि तिसऱ्या दिवशी ते झटका आलेल्या अवस्थेत परत आले. ते वाचले, परंतु ‘जिना चढताना भरून येतं, थांबलं की जातं’ हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेले वाक्य मी तेव्हा पुरेसे ऐकले नव्हते. ते वाक्य त्या कागदापेक्षा मोलाचे होते, आणि तुमच्या वडिलांचेही तेच वाक्य आहे. तेव्हा चार महिने निर्धास्त राहिल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. नॉर्मल ईसीजीने डॉक्टरही फसतात.

स्ट्रेस टेस्टमध्ये रुग्णाला पट्ट्यावर चालवून हृदयाची मागणी मुद्दाम वाढवली जाते आणि ती भागते की नाही हे पाहिले जाते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ब्लॉकेज सिद्ध झाले असे नव्हे, तर पुढे पाहण्यास सबळ कारण मिळाले. पुढची पायरी म्हणून काहींना सीटी अँजिओग्राफी पुरते आणि काहींना मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून नेहमीची अँजिओग्राफी करावी लागते. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थेट औषध सोडून त्यांचे चित्रण करण्याची ही पद्धत रुळवली. मात्र त्या चित्रात आपल्याला काय दिसते हे समजून घ्या. दिसते ती वाहिनीच्या आतल्या पोकळीची सावली. भिंतीत साचलेला मेदाचा थर त्यात दिसत नाही. सावली जिथे बारीक झाली तिथे डोळ्यांच्या अंदाजाने टक्के लिहिले जातात. एकच चित्रफीत दोन अनुभवी डॉक्टरांनी पाहिली तर एक जण ७० म्हणेल आणि दुसरा ८०, आणि दोघेही प्रामाणिक असतील. म्हणून या आकड्याकडे परीक्षेतील गुणांसारखे पाहू नका. तो अरुंदपणा रक्ताचा प्रवाह खरोखर किती अडवतो हे मोजायचे असेल तर दाब मोजणारी बारीक तार त्या जागेच्या पलीकडे नेऊन दोन्हीकडच्या दाबांचे गुणोत्तर काढतात, ते ०.८० किंवा त्याहून कमी आले तर अडथळा महत्त्वाचा धरतात.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येतो. अरुंद जागा हळूहळू बुजत जाते, एक दिवस पूर्ण बंद होते आणि झटका येतो, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते, आणि ते चित्र खरे असते तर गोळ्यांवर थांबणे धोक्याचेच ठरले असते. झटका बहुधा तसा येत नाही. वाहिनीच्या भिंतीतील मेदाच्या थरावर एक पातळ आवरण असते. ते अचानक फाटते, तिथे रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. असे फाटणारे थर अनेकदा फारसे अरुंद नसलेल्या, अँजिओग्राफीत ३० किंवा ४० टक्के म्हणून सोडून दिलेल्या जागी असतात. स्टेंट, म्हणजे वाहिनीत बसवलेली जाळीची बारीक नळी, एका जागेचा रस्ता रुंद करतो. झटक्यापासून जे संरक्षण हवे ते सगळ्या वाहिन्यांच्या सगळ्या लांबीला हवे, आणि ते गोळ्याच देऊ शकतात. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवते आणि ते पातळ आवरण बळकट करते, तर अॅस्पिरीन गुठळी जमण्याला अडसर घालते. बीटा-ब्लॉकर ठोके संथ करून हृदयाची मागणी कमी करतो, त्यामुळे दडपण कमी होते. वडिलांच्या एलडीएलचा, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉलचा, आकडा विचारून घ्या. ज्यांच्या वाहिन्यांत आजार सिद्ध झाला आहे त्यांच्यासाठी तो ७० च्या खाली आणि शक्य तर ५५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘१०० पर्यंत नॉर्मल’ असे छापलेले असते, ते त्यांना लागू नाही.

स्थिर अंजायना, म्हणजे ठराविक श्रमानंतरच येणारे आणि क्रम न बदललेले दडपण, असलेल्यांना आधी गोळ्या द्याव्यात की लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करावा, हा प्रश्न ‘इस्कीमिया’ नावाच्या मोठ्या अभ्यासात तपासला गेला. ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण त्यात होते आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मृत्यू आणि झटका या दोन्हींच्या बाबतीत लगेच हस्तक्षेप केलेला गट सरस ठरला नाही. ज्यांना वारंवार दडपण येत होते त्यांचा तो त्रास मात्र हस्तक्षेपाने अधिक चांगला कमी झाला. गोळ्यांवर ठेवलेल्या गटातील सुमारे पाचांतील एकाला चार वर्षांत पुढे स्टेंट किंवा बायपास लागला. म्हणजे गोळ्यांवर थांबल्याने ते दार कायमचे बंद होत नाही. हे सगळे तुमच्या वडिलांना लागू होण्यापूर्वी एक अट आहे : हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य वाहिनी अरुंद असलेले, पंपिंग फारच कमी झालेले आणि नुकताच झटका येऊन गेलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतले नव्हते. तुमच्या पत्रावरून वडिलांचा आजार उजव्या वाहिनीपुरताच दिसतो आणि गेले काही महिने त्रासाचा क्रम बदललेला नाही. तसे असेल तर दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे परस्परविरोधी नाही. पहिले डॉक्टर त्रास लवकर घालवू पाहत आहेत, दुसरे आधी गोळ्यांनी तो किती जातो हे पाहू इच्छितात. मला विचाराल तर पूर्ण मात्रेत गोळ्या घेऊन तीन महिने पाहणे हा मार्ग मी निवडेन, आणि एवढे करूनही दोन मजले चढताना त्यांना थांबावे लागत असेल तर स्टेंटला आनंदाने होकार देईन. अंतिम निर्णय अर्थात त्यांची चित्रफीत पाहणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. डाव्या मुख्य वाहिनीत आजार असता, किंवा तीनही वाहिन्या अरुंद असून सोबत मधुमेह असता, तर बोलणे बायपासकडे वळले असते.

स्टेंट बसवलाच तर अॅस्पिरीनसोबत दुसरी एक गोळी साधारण सहा महिने, आणि झटक्यानंतर बसवलेला असेल तर साधारण वर्षभर घ्यावी लागते. या काळात दात काढायचा आहे किंवा डोळ्यांचे ऑपरेशन आहे म्हणून त्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता कुणीही बंद करू नयेत. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन आलेले झटके मी पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांमागे अशीच मध्येच थांबवलेली गोळी होती.

गोळ्यांवर थांबायचे तर कोणत्या क्षणी थांबायचे नाही, हे घरातील प्रत्येकाला माहीत हवे. आजवर दोन मजल्यांनंतर येणारे दडपण अर्ध्या मजल्यावर येऊ लागले, बसल्या जागी किंवा झोपेत आले, अथवा पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकू लागले, तर ते दडपण स्थिर अंजायनाचे राहिलेले नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. दडपण आले की वडिलांनी बसावे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवावी, उभ्याने नव्हे, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत आराम पडला नाही, घाम सुटला, मळमळले, तर रुग्णवाहिका बोलवा आणि अॅस्पिरीनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरीन चावून खायला द्या. त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतलेल्या सिल्डेनाफिलसारख्या गोळीवर सॉर्बिट्रेट घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. हा विषय घरात बोलायला अवघड असतो, तरीही डॉक्टरांनी वडिलांना एकट्याने तो विचारावा, अशी विनंती तुम्ही करू शकता.

रुग्णालयात पहिला ईसीजी स्वच्छ आला तरी तो पुन्हा काढला जातो आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासले जाते. हृदयाच्या पेशी मरू लागल्या की हे प्रथिन रक्तात येते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून पहिली तपासणी नॉर्मल आली तरी काही तासांनी दुसरी करतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आता घरी जाऊ’ असा आग्रह त्या वेळी धरू नका. झटका निश्चित झाला तर बंद वाहिनी लवकरात लवकर उघडणे हाच उपचार असतो. अशा वेळी स्टेंटमुळे जीव वाचतो, आणि तेव्हा त्याला पर्याय शोधत बसण्यात वेळ घालवायचा नसतो. फुग्याने वाहिनी रुंद करण्याची पहिली प्रक्रिया झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केली, आणि पुढे त्याच तंत्राने झटक्याच्या उपचाराचे स्वरूपच बदलून टाकले.

आता आईविषयी. तिच्याबद्दल तुम्ही कमी लिहिले आहे, पण मला तिची काळजी अधिक वाटते. मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये असते. ती निरोगी असताना ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडते. ती आक्रसते त्यालाच मायट्रल स्टेनोसिस म्हणतात. या वयात ती आक्रसलेली दिसते तेव्हा कारण बहुधा लहानपणी झालेला संधिवाताचा ताप असतो : घसा दुखतो, त्यातील जंतूंविरुद्ध शरीर लढते, आणि त्या लढाईत सांध्यांबरोबर झडपेलाही इजा होते. सांधे काही दिवसांत बरे होतात, झडप मात्र पुढे कित्येक वर्षे हळूहळू जाड होत राहते. आईला लहानपणी सांधे सुजून अंथरुणाला खिळल्याचे आठवते का, ते विचारा. अनेकांना आठवत नाही, आणि त्याने निदान बदलत नाही.

इकोच्या पडद्यावर ही झडप पाहण्यासारखी असते. निरोगी झडपेची दोन पाती प्रत्येक ठोक्याला दाराच्या दोन फळ्यांसारखी सैल उघडतात, इतकी झटकन की डोळा मागे पडतो. आईच्या पात्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे मधला भाग फुगतो, पण टोके सुटत नाहीत, आणि रक्त अरुंद फटीतून जोराने पुढे जाते. इकोची तपासणीही याच झडपेपासून सुरू झाली. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे हृदयतज्ज्ञ आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी धातूतील दोष शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र मिळवून माणसाच्या छातीवर लावले, आणि एडलर यांना त्यातून मायट्रल झडपच समजून घ्यायची होती.

‘पंपिंग ६० टक्के’ या ओळीने तुमचा घोटाळा झालेला दिसतो. हृदयाचा खालचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतले सगळे रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतो, आणि तेवढे नॉर्मल आहे. आईचे ६० म्हणजे चाळीस टक्के गमावले असा अर्थ नाही. उलट तिचा पंप चांगला आहे, पण त्या पंपापर्यंत रक्त पोचण्याचे दार अरुंद आहे. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येतो आणि धाप लागते, तर पुढे उजव्या बाजूवर ताण आला की पावलांवर सूज दिसते. म्हणून नॉर्मल पंपिंग पाहून तिचा त्रास मनाचा आहे असे कुणीही ठरवू नये. ती रात्री किती उशा घेऊन झोपते, आडवी झाली की खोकला किंवा घुसमट होते का, हे विचारून डॉक्टरांना जरूर सांगा. बायका हे आपणहून सांगत नाहीत.

झडपेमागच्या कप्प्यावर वर्षानुवर्षे दाब राहिला की तो ताणला जातो आणि त्यातील विद्युतसंदेश विस्कळीत होतात. तेच एट्रियल फिब्रिलेशन. आईच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहा : तिला ठेकाच नसेल, एक ठोका भरीव, पुढचा पोकळ, मध्येच घाई, मध्येच विराम. हा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, रक्त कोपऱ्यात साचते, तिथे गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. आईला सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि रक्त पातळ करण्याची गोळी त्यासाठीच आहे. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, गोठण्याची क्रिया संथ होते. अॅस्पिरीन हे काम पुरेसे करत नाही.

शेजारच्या काकांची नवी गोळी आईला का नाही, याचे उत्तर तिच्या झडपेत आहे. ज्यांची मायट्रल झडप आक्रसलेली नाही अशांच्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नव्या गोळ्या चांगल्या आणि सोयीच्या आहेत, आणि काकांना ती योग्यच दिली असणार. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या अभ्यासात मात्र नव्या गोळीपेक्षा जुनी गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. हे निष्कर्ष २०२२ साली आले. म्हणून आईसाठी वॉरफरिन किंवा अॅसिनोकूमरॉल हीच जुनी गोळी, आणि तिच्यासोबत आयएनआर ही रक्ततपासणी. हा आकडा साधारण २ ते ३ मध्ये राहायला हवा : खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे. वेदनाशामक गोळ्या, प्रतिजैविके, काढे, कुणी सुचवलेल्या वनौषधी यांनी तो भराभर हलतो, तेव्हा नवी कोणतीही गोळी सुरू झाली की तपासणी लवकर करून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळ्या रंगाची शौच, अंगावर आपोआप उठलेले निळे डाग दिसले तर वाट पाहू नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले तर ताबडतोब रुग्णालयात न्या, वेळ नोंदवा, आणि तिला घरातील अॅस्पिरीन मुळीच देऊ नका.

गोळ्या आईचे ठोके संथ करतील आणि सूज उतरवतील, पण झडप उघडणार नाहीत. तिला वर्षभर धाप लागते आहे, म्हणून झडपेचे क्षेत्रफळ इकोत किती लिहिले आहे ते पाहा. ते १.५ चौरस सेंटीमीटर किंवा कमी असेल आणि पाती अजून लवचीक असतील, तर जांघेतून फुगा नेऊन चिकटलेल्या कडा मोकळ्या करता येतात. जपानमधील कांजी इनोउए यांनी १९८२ साली ही प्रक्रिया प्रथम केली, आणि छाती न उघडता ती आजही होते. तिच्याआधी अन्ननलिकेतून इको करून कप्प्यात गुठळी नाही याची खात्री करावी लागते. झडप खूप गळत असेल किंवा चुन्यासारखी कडक झाली असेल तर फुगा चालत नाही आणि झडप बदलण्याचा विचार करावा लागतो. ‘आईला फुग्याची प्रक्रिया लागू होते का, नसेल तर कशामुळे?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत स्पष्ट विचाराच. मला तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख सापडला नाही, आणि तो राहून जाणे मला परवडणारे वाटत नाही.

हृदयाचे इतर आजार तुमच्या घरात नाहीत, म्हणून त्यांच्यावर फार लिहीत नाही. स्नायूच दुबळा झाला असेल तर उपचार चार प्रकारच्या गोळ्यांचा असतो आणि त्या नियमित घेतल्या तर पंपिंग पुष्कळदा सुधारते. ठोके फार मंदावले तर पेसमेकर लागतो. उतारवयात महाधमनीची झडप कडक झाली तर ती हल्ली अनेकांना नळीवाटे बदलता येते. कुणी नातेवाईक यांपैकी स्वतःचा उपचार तुमच्या आईवडिलांना सुचवू लागले, तर त्यांचा बिघाड कोणत्या जागी होता एवढे आधी विचारा.

राहिला पथ्याचा प्रश्न. तंबाखू घरात कुणालाच नको आणि मीठ दोघांनाही बेताचे, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, एवढे समान ठेवा. पुढे वाटा वेगळ्या होतात. वडिलांनी डॉक्टरांच्या संमतीने रोज चालावे, दडपण येण्याच्या थोडे अलीकडे थांबावे, आणि ही मर्यादा आठवड्यागणिक पुढे सरकते का ते वहीत लिहावे. तीन महिन्यांनी निर्णय घेताना ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडेल. आईने झडपेचा निर्णय होईपर्यंत धाप न लागता होईल तेवढेच करावे. तिने व्यायाम वाढवण्याचा प्रयत्न करू नये, कारण वेगाने धडधडणाऱ्या हृदयाला अरुंद दारातून भरायला वेळच मिळत नाही. हिरव्या पालेभाज्या वडिलांनी हव्या तेवढ्या खाव्यात. आईनेही खाव्यात, पण रोज साधारण सारख्याच प्रमाणात, कारण त्यांतील के जीवनसत्त्व तिच्या गोळीच्या विरुद्ध काम करते आणि एक आठवडा भरपूर व पुढचा आठवडा मुळीच नाही असे झाले की आयएनआर डळमळतो. तिने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते, पाणी असते, आणि डॉक्टरांना कळवायचे असते.

आज संध्याकाळीच दोघांच्या गोळ्यांचे डबे वेगळे करा, रंगही वेगळे ठेवा आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. वडिलांची सॉर्बिट्रेट धाप लागली म्हणून आईच्या जिभेखाली कुणी ठेवू नये आणि आईची रक्त पातळ करण्याची गोळी चुकून वडिलांच्या अॅस्पिरीनवर पडू नये. पुढच्या भेटीला जाताना वडिलांच्या अँजिओग्राफीची सीडी, आईच्या आजवरच्या सगळ्या इकोंचे कागद आणि तिच्या आयएनआरच्या तारीखवार नोंदी सोबत न्या. इकोचा सर्वांत जुना कागदही शोधून ठेवा, कारण झडप किती वर्षांत किती आक्रसली हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.